पालि ग्रंथांचे संदर्भ कसे द्यावेत?

पालि साहित्याच्या आधारे मराठीत होणारे लेखन गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढले आहे. विद्यापीठांतील प्रबंध, चर्चासत्रांतील निबंध, विहारांतून निघणाऱ्या स्मरणिका, व्याख्यानांच्या पुस्तिका अशा अनेक रूपांनी ते वाचकांपुढे येते. त्यातील बरेचसे लेखन मनःपूर्वक केलेले असते. परंतु त्यात एक उणीव वारंवार जाणवते. ‘भगवान बुद्धांनी दीघनिकायात असे म्हटले आहे’ एवढे लिहून लेखक पुढे निघून जातो. दीघनिकायात ३४ सुत्ते आहेत. रोमन लिपीतील आवृत्तीत ती तीन खंडांत मिळून सुमारे नऊशे पृष्ठे व्यापतात. वाचकाला मूळ वचन पाहावयाचे असल्यास त्याने ते कोठे शोधावे?

संदर्भ हा लेखाच्या शेवटी जोडावयाचा औपचारिक भाग आहे, अशी अनेकांची समजूत असते. नियतकालिकाचा संपादक मागतो म्हणून तो द्यावयाचा, आणि त्यातील स्वल्पविराम, अर्धविराम नियमाप्रमाणे पडले म्हणजे काम झाले, असे मानले जाते. वास्तविक संदर्भ म्हणजे वाचकाच्या हाती दिलेला पत्ता होय. त्या पत्त्यावर जाऊन लेखकाचे विधान खरे की खोटे हे वाचकाला स्वतः पाहता आले पाहिजे. ज्या परंपरेत ‘या आणि पाहा’ या अर्थाने धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले आहे, त्या परंपरेवर लिहिणाऱ्याने वाचकाला पाहण्याची वाटच दाखवू नये, हे विसंगत आहे.

एक परिचित उदाहरण घेऊ. ‘अत्त दीप भव’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहेत. विहारांच्या भिंतींवर, निमंत्रणपत्रिकांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ते दिसतात, आणि बहुधा ‘स्वतःच स्वतःचा दिवा हो’ असा त्यांचा अर्थ दिला जातो. शोधलेखात हे वचन द्यावयाचे झाल्यास संदर्भ शोधावा लागतो आणि शोधू लागताच काही गोष्टी उघड होतात. महापरिनिब्बानसुत्तात, म्हणजे दीघनिकायाच्या सोळाव्या सुत्तात, रोमन आवृत्तीच्या दुसऱ्या खंडाच्या १००व्या पृष्ठावर, तथागत आनंदाशी बोलत आहेत. परंतु तेथील शब्द बहुवचनी आहे, ‘अत्तदीपा’, आणि आज्ञा साऱ्या भिक्खूंना उद्देशून आहे. ‘अत्त दीप भव’ हे तीन शब्द या स्वरूपात तेथे नाहीत. हाच उपदेश चक्कवत्तिसीहनादसुत्तात (खंड ३, पृ. ५८ व ७७) येतो आणि संयुत्तनिकायातही अनेक ठिकाणी येतो (खंड ३, पृ. ४२; खंड ५, पृ. १५४, १६३, १६४). पुढचा प्रश्न अर्थाचा. पालि भाषेत ‘दीप’ या एकाच शब्दात संस्कृतातील ‘दीप’ आणि ‘द्वीप’ हे दोन्ही शब्द सामावले आहेत. बुद्धघोषाने सुमंगलविलासिनीत (रोमन आवृत्ती, पृ. ५४८) महासमुद्रातील बेटाचा दृष्टांत देऊन तो ‘द्वीप’ या अर्थी घेतला आहे. संस्कृत महापरिनिर्वाणसूत्रातही ‘आत्मद्वीप’ असाच शब्द आहे. पुरात वाहून जाणाऱ्या माणसाला आधार वाटावा असे बेट, हा येथील भाव दिसतो.

म्हणून दिव्याचा अर्थ घेणाऱ्यांनी तो टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. लोकमानसात रुजलेल्या प्रतिमेला तिचे स्वतःचे स्थान असते. परंतु शोधलेख लिहिणाऱ्याने मूळ शब्द कोणता, तो कोणत्या प्रसंगी आला, अट्ठकथेने त्याचा अर्थ काय केला आणि लेखक स्वतः कोणता अर्थ घेत आहे, या चार गोष्टी वेगळ्या दाखविल्या पाहिजेत. हे सारे ‘खंड २, पृ. १००’ एवढ्या लहानशा टिपणीमुळे शक्य होते. ती टिपणी नसेल तर चर्चेला आरंभच होत नाही.

आवृत्ती कोणती?

संस्कृत किंवा मराठी ग्रंथाचा संदर्भ देताना न येणारी एक अडचण पालिच्या अभ्यासकापुढे असते. तिपिटकाला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, ख्मेर, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांत ते छापले गेले आहे आणि प्रत्येक आवृत्तीची पृष्ठसंख्या वेगळी आहे. म्हणून नुसते ‘मज्झिमनिकाय, पृ. २१३’ असे लिहिणे म्हणजे गावाचे नाव न देता घरक्रमांक देण्यासारखे आहे.

आंतरराष्ट्रीय संशोधनात लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती प्रमाण मानली जाते. ही संस्था टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये स्थापन केली. तिच्या आवृत्तीचे खंड व पृष्ठ देण्याची पद्धत इतकी रूढ आहे की जगातील बहुतेक पालि कोश आणि अनुवाद तिचेच अंक वापरतात. या आवृत्तीची सर्वत्र प्रशंसा करावी अशी स्थिती नाही. तिचे काही खंड एकोणिसाव्या शतकात मोजक्या हस्तलिखितांवरून तयार झाले आणि त्यांतील पाठ पुढे अनेक ठिकाणी सदोष ठरले. परंतु पाठ निवडणे ही एक गोष्ट आणि स्थान दाखविणे ही दुसरी गोष्ट. स्थान दाखविण्यासाठी सर्वांना परिचित असा एक मापदंड लागतो आणि तो आज या आवृत्तीने पुरविला आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या हाती मात्र बहुधा देवनागरी आवृत्ती असते. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात निघालेली नालंदेची ४१ खंडांची आवृत्ती अनेक ग्रंथालयांत आहे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या छट्ठ संगायनेच्या पाठावर आधारलेली देवनागरी आवृत्ती इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने प्रकाशित केली आहे. याशिवाय पुणे व मुंबई येथील विद्वानांनी पूर्वी केलेले देवनागरी संपादनाचे कार्य आहेच. पु. वि. बापट यांचा सुत्तनिपात १९२४ चा आहे. बापट आणि रा. द. वाडेकर यांची धम्मसंगणि १९४० ची आहे. या ग्रंथांतून उद्धरण घेतले असेल तर त्यांचाच उल्लेख केला पाहिजे. प्रत्यक्षात नालंदेची प्रत वाचावयाची आणि टिपणीत रोमन आवृत्तीचे पृष्ठ कोणाच्या तरी पुस्तकातून उचलून लिहावयाचे, ही प्रथा सर्वथा त्याज्य होय.

मग दोन्ही कसे साधावे? नालंदा आवृत्तीच्या समासात रोमन व ब्रह्मी आवृत्तींची पृष्ठे ‘आर्’ आणि ‘बी’ या अक्षरांनी दर्शविलेली आहेत. अनेक विद्यार्थ्यांचे तिकडे लक्षच जात नाही. विपश्यना विशोधन विन्यासाच्या संगणकीय तिपिटकातही रोमन, ब्रह्मी आणि थाई आवृत्तींचे पृष्ठांक दिसतात. म्हणजे देवनागरी प्रत वाचणाऱ्यालाही प्रमाण पृष्ठ प्रामाणिकपणे देता येते. त्यासाठी इंग्रजी पुस्तकाची उसनवारी करण्याचे कारण नाही.

माझ्या मते मराठी लेखात संदर्भाचे स्वरूप असे असावे : निकायाचे संक्षिप्त नाव, सुत्ताचा क्रमांक व नाव, आणि नंतर आवृत्तीनिशी खंड व पृष्ठ. उदाहरणार्थ, ‘दी. नि. १६, महापरिनिब्बानसुत्त, रो. खंड २, पृ. १००’. यात थोडी जागा अधिक लागते, हे खरे. पण सुत्ताचे नाव असले की कोणत्याही लिपीतील प्रत हाती असणारा वाचक त्या ठिकाणाजवळ पोचतो आणि पृष्ठांक असला की नेमक्या ओळीजवळ पोचतो. केवळ ‘दी. नि. २.१००’ असे लिहू नये. हा दुसरा खंड व शंभरावे पृष्ठ, की दुसरे सुत्त व शंभरावा परिच्छेद, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो. सामञ्ञफलसुत्त हे दुसरे सुत्त आहे आणि नालंदा व छट्ठ संगायना आवृत्तींत परिच्छेदांना क्रमांक असतात. त्यामुळे हा गोंधळ काल्पनिक नव्हे.

क्रमांकांचे सापळे

सुत्ताचा क्रमांक दिला म्हणजे सर्व निश्चित झाले, असेही नाही. दीघ आणि मज्झिम या निकायांत क्रमांक स्थिर आहेत. संयुत्त आणि अंगुत्तर या निकायांत मात्र सुत्त कोठे संपते आणि कोठे सुरू होते, याविषयी आवृत्तींत मतभेद आहेत. कालामसुत्त हे त्याचे ठळक उदाहरण होय. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात रोमन आवृत्तीप्रमाणे ते ६५वे आहे, तर छट्ठ संगायनेच्या पाठात ते ६६वे आहे. शिवाय तेथे त्याचे नाव ‘केसमुत्तिसुत्त’ असे आहे. खंड १, पृ. १८८ ते १९३ हा पत्ता दिल्यास हा घोळ टळतो.

कालामसुत्ताच्या बाबतीत संदर्भाचे मोल आणखी एका कारणाने आहे. ‘जे तुमच्या बुद्धीला पटेल तेच स्वीकारा’ अशा आशयाचे एक वाक्य बुद्धवचन म्हणून सर्वत्र फिरते आणि त्याखाली ‘कालामसुत्त’ असे लिहिलेले असते. मूळ सुत्त उघडून पाहिले तर ज्यांच्या केवळ आधाराने एखादी गोष्ट मानू नये अशा दहा बाबींत परंपरा आणि पिटकग्रंथ यांच्याबरोबर ‘तक्कहेतु’ म्हणजे निव्वळ तर्क हीही एक बाब आहे. स्वीकाराची कसोटी म्हणून ही गोष्ट कुशल की अकुशल, निर्दोष की सदोष, विञ्ञूंनी प्रशंसिलेली की निंदिलेली, आणि आचरणात आणल्यास तिने हित होते की दुःख, असे प्रश्न तेथे विचारले आहेत. हे लोकप्रिय वाक्याहून कितीतरी अधिक सूक्ष्म आहे. याच सुत्तात ‘पिटकसंपदान’ म्हणजे ग्रंथात आहे म्हणून मानणे हेही अपुरे ठरविले आहे. तेव्हा पृष्ठांक दिला म्हणून विधान सत्य ठरते, असा भ्रम लेखकाने बाळगू नये. मजकूर अमुक ठिकाणी आहे एवढेच पृष्ठांक सांगतो.

विनयपिटकातील सापळा निराळा आहे. परंपरेने त्याचा आरंभ पाराजिकापासून होतो. ओल्डेनबर्ग यांनी १८७९ ते १८८३ या काळात संपादिलेल्या रोमन आवृत्तीत मात्र पहिला खंड महावग्गाचा आणि दुसरा चुल्लवग्गाचा आहे. सुत्तविभंग तिसऱ्या व चौथ्या खंडांत आणि परिवार पाचव्यात आहे. आय. बी. हॉर्नर यांच्या सहा खंडांच्या इंग्रजी अनुवादात पारंपरिक क्रम असल्यामुळे महावग्ग चौथ्या खंडात आहे. ‘विनय, खंड ४’ असा संदर्भ देणाऱ्याने मूळ ग्रंथ पाहिला की अनुवाद, हे न सांगितल्यास वाचक भिक्खुणींच्या नियमांत शोधत बसेल आणि प्रसंग असेल पब्बज्जेचा. विनयाच्या बाबतीत ग्रंथविभागाचे नाव लिहावेच लिहावे.

जातकांचे क्रमांक १ ते ५४७ असे ठरलेले आहेत. तरी अखेरच्या दहांचा क्रम सर्वत्र एक नाही. महाउम्मग्गजातक फाउसबोल यांच्या आवृत्तीत ५४६वे आहे, तर ब्रह्मी परंपरेत ‘उमंगजातक’ या नावाने ५४२वे आहे. जातकात याहून महत्त्वाचा भेद गाथा आणि गद्य यांच्यातील आहे. तिपिटकात समाविष्ट आहेत त्या केवळ गाथा. ज्या कथा आपण मुलांना सांगतो त्या अट्ठकथेतील आहेत. ‘खुद्दकनिकायातील जातककथेत असे आहे’ असे लिहिणारा लेखक कित्येक शतकांचे अंतर एका वाक्यात पुसून टाकतो.

धम्मपदाचा संदर्भ सर्वांत सोपा. ४२३ गाथा आहेत. गाथाक्रमांक दिला की पुरे. सुत्तनिपाताच्या गाथांना मात्र हीच सवलत देता येत नाही. तेथे ब्रह्मी आवृत्तीतील क्रमांक रोमन क्रमांकांच्या काही अंक पुढे-मागे असतात. म्हणून आवृत्ती सांगावी. विसुद्धिमग्गाच्या बाबतीत एक सुविधा धर्मानंद कोसंबी यांच्या परिश्रमांमुळे लाभली आहे. वॉरन यांनी आरंभिलेले आणि कोसंबी यांनी परिष्कृत केलेले त्याचे संपादन हार्वर्ड ग्रंथमालेत १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक निद्देसातील अनुच्छेदांना क्रमांक आहेत, आणि भिक्खू ञाणमोली यांच्या इंग्रजी अनुवादानेही तेच क्रमांक स्वीकारले. आनापानस्सतीचे विवेचन आठव्या निद्देसात १४५व्या अनुच्छेदापासून आहे, एवढे सांगितले की मूळ आणि अनुवाद दोन्ही एकदम सापडतात. गोव्यात जन्मलेल्या या मराठी पंडिताने घालून दिलेली सोय मराठी लेखकांनीच वापरू नये, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

‘पेय्याल’ हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पुनरुक्त मजकूर गाळून त्या जागी ‘पे’ असे छापण्याची रीत आहे. चार झानांचे वर्णन सामञ्ञफलसुत्तात विस्ताराने येते आणि पुढील सुत्तांत संक्षेपाने. पुढील सुत्ताचा पृष्ठांक देणाऱ्याचा वाचक तेथे पोचतो आणि त्याला ‘पे’ एवढेच दिसते. संपूर्ण पाठ जेथे आहे ते स्थान आधी द्यावे आणि चर्चेतील सुत्ताचे स्थान नंतर.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचा संदर्भ

आपल्याकडील लेखनात ज्या ग्रंथाचा उल्लेख सर्वाधिक होतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. इंग्रजी, मराठी, हिंदी अशा त्याच्या अनेक आवृत्त्या असल्याने पृष्ठांकाचा उपयोग मर्यादित आहे. परंतु ग्रंथाची रचनाच खंड, भाग, प्रकरण आणि क्रमांकित परिच्छेद अशी आहे. ते चार अंक दिल्यास कोणत्याही भाषेतील वाचकाला स्थान सापडते. ही सोय असताना ‘पृ. ३५’ असे लिहिण्यात काय हशील?

येथे एक विवेक आवश्यक आहे. बाबासाहेबांनी ग्रंथात आधार सर्वत्र नोंदविलेले नाहीत. हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी मूळ पालि स्थळांचा शोध घेतला आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील अकराव्या खंडाला जोडून पालि व अन्य आधारांची स्वतंत्र पुरवणीही निघाली. शोधलेखकाने ती पाहावी आणि दोन्ही संदर्भ द्यावेत. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे उदाहरण पाहा. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेला कलह आणि त्यावरून संघाशी झालेला मतभेद हे गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी मांडले. पालि अट्ठकथांत हा कलह येतो तो कुणालजातकाच्या (क्र. ५३६) आणि धम्मपदाच्या १९७ ते १९९ या गाथांच्या निमित्ताने, आणि तेथे तो संबोधीनंतरचा प्रसंग आहे. कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाच्या चर्चेत सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे (रो. गाथा ९३५ पासून) लक्ष वेधले होते. हे सारे संदर्भ शेजारी शेजारी ठेवले म्हणजे बाबासाहेबांनी परंपरेतील सामग्रीची कोणत्या विचाराने फेरमांडणी केली, हे स्पष्ट दिसते. त्याऐवजी ‘तिपिटकात असे आहे’ असे लिहिल्याने दोन दोष घडतात. तिपिटकावर नसलेले विधान लादले जाते आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र प्रज्ञेचे श्रेय त्यांच्याकडून काढून घेतले जाते. त्यांचे मत त्यांच्या नावानेच उद्धृत करणे हा त्यांचा खरा आदर होय.

हाच न्याय सर्व दुय्यम साधनांना लावावा. राहुल सांकृत्यायन यांचा हिंदी अनुवाद वाचून लिहिले असेल तर तसे नमूद करावे. दुसऱ्याच्या ग्रंथात दिलेले उद्धरण घेतले असेल तर मूळ स्थळापुढे ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे. यात कमीपणा नाही.

हस्तलिखित पाठविण्यापूर्वी

संक्षेपांची यादी लेखाच्या आरंभी एकदाच द्यावी आणि तीत प्रत्येक ग्रंथाची आवृत्ती सांगावी. ‘तत्रैव’ हा शब्द शक्यतो टाळावा. संपादनात मधे एखादी टीप वाढली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. ‘पृ. १०० व पुढे’ असे मोघम लिहिण्यापेक्षा कोठून कोठपर्यंत ते सांगावे. उद्धरणातील वर्णलेखन आवृत्तीप्रमाणे ठेवावे. ब्रह्मी परंपरेत ‘ब्यापाद’ आणि रोमन आवृत्तीत ‘व्यापाद’ असेल, तर दोहोंची मनाने सरमिसळ करू नये. मराठी वाक्यात ‘निब्बाण’ लिहिण्यास हरकत नाही, पण पालि उद्धरणात ‘निब्बान’च हवे.

आधुनिक ग्रंथांची सूची लेखकाच्या नावाने अकारविल्हे लावावी. ‘भदंत’, ‘भिक्खू’, ‘डॉ.’ या उपाधी क्रम लावताना धरू नयेत. ‘भदंत आनंद कौसल्यायन’ हे ‘कौसल्यायन’ या नावाखाली यावेत. पुनर्मुद्रण वापरले असल्यास मूळ प्रकाशनाचे वर्षही द्यावे, अन्यथा १८८८ चे संपादन अलीकडचे भासते. बुद्धवर्ष छापलेले असेल तर ते तसेच ठेवून पुढे इसवी सन लिहावा. हे रूपांतर यांत्रिकपणे करू नये, कारण देशादेशांच्या गणनेत एका वर्षाचा फरक आहे. अडीच हजारावी जयंती भारतात व ब्रह्मदेशात १९५६ मध्ये साजरी झाली, तर थायलंडमध्ये १९५७ मध्ये.

संगणकावरील पाठ वापरला असेल तर तो कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला आहे ते आणि पाहिल्याची तारीख द्यावी. अलीकडे यंत्राकडून आयती संदर्भसूची करवून घेण्याचाही मोह वाढला आहे. तीत अस्तित्वात नसलेली पृष्ठे आणि न लिहिलेले ग्रंथ मोठ्या ऐटीत उभे असतात. अंतिम प्रत तयार झाल्यावर सहकाऱ्याला टिपांमधील कोणतेही दहा संदर्भ निवडण्यास सांगावे आणि ग्रंथालयात बसून ते एकेक उघडून पाहावेत. दहांपैकी एक जरी सापडला नाही, तरी उरलेले सर्व तपासल्याखेरीज लेख पाठवू नये.